ओल्या उतारावर भूकंप : पाऊस आणि हादरा यांचा एकत्र हिशोब कसा मांडावा

सह्याद्रीतल्या एखाद्या डोंगरउताराच्या स्थिरतेचा अहवाल उघडला, तर त्यात बहुधा दोन तक्ते सापडतात. एक ‘पावसाळी स्थिती’चा आणि दुसरा ‘भूकंप स्थिती’चा. पहिल्यात पाणी असते पण हादरा नसतो. दुसऱ्यात हादरा असतो, पण उतार जणू एप्रिल महिन्यातला, कोरडाठाक. दोन्हींत सुरक्षा गुणांक, म्हणजे उताराला धरून ठेवणारी ताकद भागिले घसरवणारे बळ, एकाच्या वर आला की अहवाल मार्गी लागतो. भूकंप आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी येण्याची शक्यता नगण्य आहे, हे त्यामागचे गृहीतक. अन्यत्र ते काही अंशी चालून जाईल. कोयना खोऱ्यात मात्र ते मुळातच चुकीचे आहे आणि म्हणून हा लेख पाटण तालुक्यातले उतार डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

कारण असे की, येथे पाऊस आणि भूकंप एकमेकांना अनोळखी नाहीत. जून ते सप्टेंबर पडणाऱ्या पावसाने कोयना धरणाचा १०५.२५ टीएमसी क्षमतेचा शिवसागर जलाशय भरतो, आणि जलाशयाची पातळी चढण्या-उतरण्याशी या भागातल्या भूकंपांचा संबंध आहे, हे गेल्या अर्धशतकाहून अधिक काळाच्या नोंदींवरून दिसून आले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला मोठा भूकंप सर्वांना ठाऊक असतो; परंतु सप्टेंबर १९८० मधले आणि ५ सप्टेंबर २००० चा धक्का हे पाचच्या आसपासच्या क्षमतेचे भूकंप भर ओलीच्या दिवसांत झाले, ही गोष्ट उतारांचा हिशोब करणाऱ्याने अधिक लक्षात ठेवायला हवी. डिसेंबरपर्यंत डोंगर बराच निथळलेला असतो. सप्टेंबरात तो पाण्याने जड झालेला असतो.

आधी दोन्ही बळे नेमके काय करतात ते पाहू

उतारावरची माती दोन गोष्टींच्या आधारावर टिकते : कणांमधले घर्षण आणि मातीचा चिकटपणा. घर्षण हे माती खालच्या थरावर किती जोराने दाबली जाते यावर अवलंबून असते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ते पाणी आतून उलटा दाब देते, कण एकमेकांवर पूर्वीइतके टेकत नाहीत आणि घर्षण घटते. दिवाळीत मुलांबरोबर मातीचा किल्ला केलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते : माती नुसती दमट असेल तर तट सरळ उभा राहतो, कारण थोड्याशा ओलीमुळे कण एकमेकांना ओढून धरतात, तोच तट तांब्याभर पाण्याने बसतो. सह्याद्रीतले जाड मातीचे कित्येक उतार उन्हाळ्यात याच ओढीवर उभे असतात आणि आषाढात ती ओढ संपते.

भूकंप दोन पद्धतींनी घाव घालतो. हादऱ्याच्या क्षणी तो मातीच्या वजनाचा काही हिस्सा उताराच्या बाहेरच्या दिशेने ढकलतो. त्याने घसरवणारे बळ वाढते आणि दाबून धरणारे बळ थोडे कमी होते. शिवाय माती सैल आणि पाण्याने भरलेली असेल, तर कण हलून जवळ येऊ पाहतात, पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि पाण्याचा दाब काही सेकंदांत चढतो. दुसरा घाव धिमा असतो. हादरा थांबतो, उतार जागेवरच राहतो, पण वरच्या अंगाला भेगा पडतात आणि माती सैलावते. मग पुढचा पाऊस पूर्वीप्रमाणे पृष्ठभागावरून वाहून न जाता थेट पोटात शिरतो.

म्हणजे क्रम दोन आहेत. पाऊस आधी, भूकंप मागून : जपानमध्ये २० ऑक्टोबर २००४ ला टोकागे वादळ धडकले आणि तीनच दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, निइगाता प्रांतातल्या चुएत्सु भागात भूकंप झाला, भिजलेल्या डोंगरांवरून हजारो दरडी कोसळल्या आणि यामाकोशी गाव जगापासून तुटले. भूकंप आधी, पाऊस मागून : तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ च्या ची-ची भूकंपाने डोंगर खिळखिळे केले आणि २००१ च्या जुलैत तोराजी वादळाच्या पावसाने ते खाली आणले. दुसऱ्या क्रमाकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जाते, कारण भूकंपानंतरचे पंचनामे घरांच्या भिंतींचे होतात, डोंगराचे नाही.

पायरी पहिली : कागद आणि म्हातारी माणसे

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूस्खलन-प्रवणता नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. ते १ : ५०,००० या प्रमाणावरचे आहेत. त्यांवरून कोणत्या गावांकडे आधी जायचे ते ठरते, एखाद्या घरामागच्या उताराचा निकाल लागत नाही. नकाशानंतर गावातल्या जुन्या माणसांना भेटावे. कोणत्या ओघळातून पूर्वी दगड आले, कोणता झरा कधी आटला, १९६७ साली वरच्या सड्याला (माथ्यावरच्या सपाट कातळाला) भेग पडली होती का, हे प्रश्न विचारावेत. जिथे एकदा डोंगर उतरला आहे तिथे तो पुन्हा उतरू शकतो, आणि पायथ्याशी सपाट, सुपीक, दगडगोट्यांनी भरलेली जी जागा वस्तीला सोयीची वाटते, ती पुष्कळदा जुन्या दरडीचाच ढीग असते.

पायरी दुसरी : उतार चालून पाहणे

खालून वर चालावे, आणि हे काम पाऊस पडत असताना करू नये. पायथ्याशी जमिनीला पोट आल्यासारखा फुगवटा आहे का, गडगे आणि ताली बाहेर झुकल्या आहेत का, झाडांची खोडे बुंध्याशी वाकून पुन्हा वर वळली आहेत का, हे पाहत जावे. झरे कोणत्या उंचीवर फुटतात ते नोंदवावे. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लालसर, चिकण बोल मातीचा पट्टा असतो. तो पाणी अडवतो, त्यामुळे झरे एका रेषेत दिसले तर ती रेषा नाजूक समजावी. वर जांभ्याचा सडा असेल तर त्याच्या खालची पांढरट-पिवळी, ओली झाली की साबणासारखी गुळगुळीत होणारी माती हाताने चोळून पाहावी.

सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण वरच्या टोकाला असते. उताराच्या माथ्याशी, उताराला आडवी आणि दोन्ही टोकांना किंचित खाली वळलेली भेग दिसली, तर तिला उन्हाने तडकलेली जमीन म्हणून सोडून देऊ नये. उन्हाच्या भेगा जाळीसारख्या असतात आणि पहिल्या पावसांत मिटतात. घसरणीची भेग एकटी, लांब असते आणि तिची खालची कड वरच्या कडेपेक्षा बोटभर तरी खचलेली असते. तिच्यात काठी घालून खोली पाहावी आणि चुन्याने खूण करून तारीख लिहावी.

पायरी तिसरी : चार आकडे मिळवणे

हिशोबासाठी उताराचा कोन, कातळापर्यंत मातीची खोली, मातीचे वजन, आणि तिची ताकद म्हणजे चिकटपणा व घर्षणकोन (कणांमधल्या घर्षणाचे माप) इतके लागते. कोन साध्या क्लिनोमीटरने (उतार मोजण्याच्या उपकरणाने) मिळतो. खोलीसाठी दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्यावेत किंवा ऑगर (माती पोखरणारा गिरमिट) फिरवावा. रस्त्याच्या कापलेल्या बाजूवरूनही चांगला अंदाज येतो. ताकदीची चाचणी करताना एक चूक हमखास होते : नमुना मे महिन्यात काढतात आणि आहे त्या ओलीवरच कातरतात, म्हणजे आडवे बळ लावून तुटेपर्यंत ताणतात. अशा नमुन्यात किल्ल्याच्या मातीतली ती ओढ शिल्लक असते आणि चिकटपणा फुगून दिसतो. नमुना पूर्ण भिजवून, सावकाश कातरून घ्यावा, असे प्रयोगशाळेला लेखी सांगावे.

पायरी चौथी : पाणी किती चढते

येथे बहुतेकांची नजर आकाशाकडे असते, ती जमिनीखाली हवी. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे, तर पलीकडे महाड तालुक्यात तळिये येथे डोंगर वस्तीवर आला. असा एका दिवसाचा पाऊस उथळ मातीला पुरतो. तीन-चार मीटर खोल मातीत मात्र पाणी हळूहळू चढते आणि पाऊस उघडल्यावरही ते काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. म्हणून पर्जन्यमापकाच्या नोंदीतून २४ तासांची, ३ दिवसांची आणि १५ दिवसांची बेरीज रोज लिहावी, आणि उतारात किमान दोन पायझोमीटर, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्या, बसवावेत. जाळी लावलेला, छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप कातळापर्यंत उतरवून त्यात दोरीने पातळी मोजली, तरी काम भागते. पाइपाच्या तोंडाशी पावसाचे पाणी आत शिरू नये एवढी काळजी घ्यावी. एका पावसाळ्याच्या अशा नोंदी कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या गृहीतकापेक्षा मोलाच्या ठरतात.

पायरी पाचवी : हादऱ्याचा गुणांक

भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत कोयना परिसर भूकंप क्षेत्र चारमध्ये येतो आणि त्याचा क्षेत्र गुणांक ०.२४ आहे. उताराच्या साध्या हिशोबासाठी त्याचा निम्मा, म्हणजे ०.१२, आडवा गुणांक धरण्याचा प्रघात आहे : मातीच्या वजनाच्या १२ टक्के बळ बाहेरच्या दिशेने सतत लागू आहे असे मानायचे. अरुंद धारेवर आणि सड्याच्या कडेला जमीन पायथ्यापेक्षा जास्त हलते. युरोपीय संहिता अशा ठिकाणी १.२ ते १.४ पट वाढ सुचवते आणि आपणही ती धरावी असे माझे मत आहे. हा आकडा अतिरंजित वाटत असेल, तर १९६७ साली कोयना धरणातल्या यंत्राने ०.६३ जी (गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट) इतके शिखर त्वरण नोंदवले होते हे आठवावे.

पायरी सहावी : चार खाती, एकाच वहीत

नमुन्यादाखल एक उतार घेऊ. कोन २८ अंश, कातळापर्यंत माती ३ मीटर, वजन १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर, चिकटपणा १० किलोपास्कल, घर्षणकोन ३० अंश. घसरण उताराला समांतर, कातळाच्या पाठीवरून होईल असे धरू. सह्याद्रीतल्या लांबच लांब, पातळ मातीच्या उतारांना हे बरेचसे लागू पडते.

कातळाच्या पातळीवर उभ्या वजनाचा दाब १९ गुणिले ३, म्हणजे ५७ किलोपास्कल (पुढचे सर्व ताणही याच एककात). त्याला कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने (०.७८०) गुणले की दाबून धरणारा ताण ४४.४ मिळतो, आणि साइन व कोसाइनच्या गुणाकाराने (०.४१४५) गुणले की घसरवणारा ताण २३.६ मिळतो. कोरड्या स्थितीत रोधक ताकद म्हणजे १० अधिक ४४.४ गुणिले ०.५७७ (घर्षणकोनाचा टॅन्जंट), एकूण ३५.६. त्याला २३.६ ने भागले की सुरक्षा गुणांक १.५१ येतो. उत्तम उतार.

आता कातळावर दीड मीटर पाणी चढले असे धरू. त्याचा उलटा दाब १.५ गुणिले ९.८१ गुणिले ०.७८०, म्हणजे ११.५. तो ४४.४ मधून वजा केला की ३३ उरतात, ताकद २९ होते आणि गुणांक १.२३ येतो. पावसाळी तक्ता पास.

पाणी काढून टाकू आणि ०.१२ चा हादरा देऊ. घसरवणाऱ्या ताणात ५७ गुणिले ०.१२ गुणिले ०.७८० एवढी भर पडून तो २९ होतो. दाबून धरणारा ताण ५७ गुणिले ०.१२ गुणिले ०.४१४५ ने घटून ४१.६ राहतो. ताकद ३४, गुणांक १.१७. भूकंपाचा तक्ताही पास.

चौथे खाते अहवालात नसते. दीड मीटर पाणी आणि तोच हादरा एकत्र घेतला की दाबून धरणारा ताण ३०.१, ताकद २७.४, घसरवणारा ताण २९, आणि गुणांक ०.९५. दोन परीक्षांत उत्तीर्ण झालेला उतार तिसरीत नापास होतो, आणि सप्टेंबरातला खरा पेपर हाच असतो. सैल मातीत हादऱ्याने चढणारा पाण्याचा दाब यात धरलेलाही नाही, म्हणजे ०.९५ हे उत्तरसुद्धा थोडे आशावादी आहे.

पायरी सातवी : किती हादरा पुरेल, हे उलटे काढणे

हा हिशोब मला वरच्या चार आकड्यांहून बोलका वाटतो. गुणांक बरोबर एक होण्यासाठी किती हादरा लागेल, ते काढायचे. आपल्या उतारासाठी कोरड्या स्थितीत उत्तर ०.२१ येते; दीड मीटर पाणी असताना ०.०९, आणि २.४ मीटर पाणी असताना अवघे ०.०२५. म्हणजे भर पावसाळ्यात, मातीचा बहुतेक थर पाण्याखाली असताना, भांडी वाजवून जाणारा एरवीचा किरकोळ धक्काही उताराला हलवण्याइतका होऊ शकतो. कोयना भागात असे धक्के लोकांच्या अंगवळणी पडले आहेत आणि धोका नेमका त्या सवयीत आहे.

मर्यादा ओलांडली म्हणजे लगेच डोंगर कोसळलाच असे नव्हे. हादरा काही सेकंदांचा असतो आणि मर्यादेच्या वर गेलेल्या प्रत्येक क्षणात उतार थोडा थोडा सरकतो, हा विचार अभियंते न्यूमार्क यांनी १९६५ मध्ये मांडला. सरकणे दोन-चार सेंटिमीटरवर थांबू शकते. पण तेवढ्यानेही माथ्याला भेग पडते, आणि तिथून पुढची पायरी सुरू होते.

पायरी आठवी : भूकंपानंतर जुने आकडे रद्द समजणे

भेगाळलेल्या मातीचा चिकटपणा पूर्वीचा राहत नाही. वरच्या उतारात तो १० वरून ५ झाला असे धरा आणि फक्त पावसाचा हिशोब पुन्हा करा. आधी हा उतार नुसत्या पाण्याने घसरायला कातळावर सुमारे २.७ मीटर पाणी चढावे लागत होते, आता १.६ मीटर पुरते. ज्या पावसात गाव वर्षानुवर्षे निवांत झोपले, तोच पाऊस आता धोक्याचा होतो. म्हणून जाणवण्याजोगा मोठा भूकंप झाल्यावर इशाऱ्यासाठी ठरवलेले पावसाचे आकडे ताबडतोब खाली आणावेत आणि पुढचे दोन-तीन पावसाळे तसेच ठेवावेत. भेगा डोळ्यांना मिटलेल्या दिसल्या तरी माती पुन्हा पूर्वीसारखी घट्ट व्हायला वेळ लागतो.

पायरी नववी : उपाय, आणि त्यांचा क्रम

भूकंप थांबवता येत नाही आणि डोंगराचा कोन बदलणे खर्चिक असते. हाताशी राहते ते पाणी. आपल्या उतारात चर आणि आडव्या निचरा-नळ्यांनी पाण्याची पातळी दीड मीटरवरून ०.६ मीटरवर राखली, तर पाऊस अधिक भूकंप या चौथ्या खात्याचा गुणांक ०.९५ वरून १.०८ होतो आणि उतार हलवायला लागणारा हादरा ०.०९ वरून ०.१६ वर जातो. एका इंचाची भिंत न बांधता एवढे साधते. भिंतीला माझा विरोध नाही. वीप होल (पाणी बाहेर सोडणारी भोके) बुजलेली, मागे पाणी तुंबलेली भिंत मात्र मी उपाय मानत नाही.

माथ्यावरून येणारे पाणी उताराच्या वरच वळवणारी पक्की गटारे आधी करावीत आणि त्यांचा तळ सिमेंटचा असावा, कारण कच्चे गटार भूकंपात तडकले की तेच पाणी पोटात सोडते. प्रत्येक धक्क्यानंतर ही गटारे चालून पाहावीत. भेगा चिकण मातीने ठासून भराव्यात, मुरमाने नव्हे, आणि वर ताडपत्री दगडांनी दाबून ठेवावी. वस्तीच्या वरच्या तीव्र, जाड मातीच्या उतारावर पाणी जिरवण्यासाठी सलग समतल चर खणू नयेत, हे सांगताना काही मंडळी नाराज होतील याची कल्पना आहे. पाणलोटाचे काम चांगलेच आहे, पण ते त्या उतारावर नको.

पायरी दहावी : रोजची नोंद आणि घर सोडण्याची वेळ

भेगेच्या दोन्ही बाजूंना हातभर लांबीच्या लोखंडी सळया पक्क्या ठोकाव्यात आणि त्यांमधले अंतर पोलादी टेपने, रोज त्याच वेळी, मिलिमीटरमध्ये मोजावे. एकाच माणसाने मोजले तर उत्तम. दोन माणसांच्या टेपचा ताण वेगळा असतो आणि त्यातून उगीच घबराट पसरते. वहीत चार रकाने पुरतात : तारीख, पंधरा दिवसांचा पाऊस, पायझोमीटरची पातळी, भेगेचे अंतर. पाचवा रकाना धक्क्यांसाठी ठेवावा, अगदी बारीक धक्क्यांसाठीसुद्धा.

अंतर रोज सारखेच वाढत असेल तर तालुक्याला कळवावे. आजची वाढ कालच्यापेक्षा जास्त आणि कालची परवाच्यापेक्षा जास्त असेल, तर कळवत बसण्याआधी माणसे हलवावीत. ओलीच्या दिवसांत धक्का जाणवल्यावर नवी भेग दिसली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा वाहता झरा एकाएकी थांबला, मागच्या खोलीचे दार चौकटीत अडकू लागले, यांपैकी एकही गोष्ट झाली तरी पावसाची वाट पाहू नये. निघताना ओढ्याच्या काठाने खाली न जाता बाजूला, उताराला आडवे जावे, कारण चिखल-दगडांचा लोट ओढ्याचीच वाट धरतो. कुठे जायचे ते मे महिन्यातच ठरलेले असावे, आणि ती जागा दुसऱ्या कुठल्या उताराच्या पायथ्याशी नाही ना, हेही पाहिलेले असावे.

गणपती गेले, पाऊस उघडला की ही वही बहुतेक ठिकाणी फडताळात जाते. कोयना खोऱ्यात ती तेव्हा बंद करू नये. जलाशय त्याच सुमारास काठोकाठ असतो आणि डोंगर अजून निथळत असतो. पायझोमीटरमधले पाणी उन्हाळ्याच्या पातळीला येईपर्यंत, म्हणजे बहुतेक वर्षी डिसेंबर उजाडेपर्यंत, आठवड्यातून दोनदा तरी नोंद चालू ठेवावी.